अँटिबायोटिक लिहून दिलंय? पहिली गोळी घ्यायच्या आधी एवढं वाचा

आमच्या फ्रीजवर एक स्टीलचा डबा असायचा. मूळचा चकलीचा, पण गेली कित्येक वर्षं त्यात उरलेल्या गोळ्या. दोन सिप्रो, एक अझिथ्रोमायसिन, अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपमधल्या तीन कसल्यातरी पांढऱ्या गोळ्या ज्यांचं नावच कापून गेलेलं, आणि मुलीच्या सिरपची तळाशी चिकटलेली बाटली. घरात कुणाला कणकण आली की सासूबाई म्हणायच्या बघ गं डब्यात काही आहे का, आणि असायचंच काहीतरी.

दोन वर्षांपूर्वी मला लघवीला जळजळ सुरू झाली. नाशिकला अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे मी, तिथल्या टॉयलेटला जायचं टाळायचं म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचं, हे तर आपण सगळ्याच करतो. डॉक्टरकडे कोण जाणार, घराजवळच्या मेडिकलमध्ये सांगितलं, त्यांनी चार गोळ्या कापून दिल्या, नॉरफ्लॉक्स नावाचं अँटिबायोटिक. दोन दिवसांत एकदम मस्त वाटलं म्हणून उरलेल्या डब्यात. पंधरा दिवसांनी परत तेच, या वेळी डब्यातल्याच घेतल्या, काही फरक नाही. मग गेले डॉक्टरकडे, त्यांनी लघवीचं कल्चर (जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघायची टेस्ट) करायला लावलं आणि रिपोर्टमध्ये नॉरफ्लॉक्स आणि सिप्रो दोन्हींपुढे ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट. माझ्या लघवीतले जंतू त्या गोळ्यांना मोजतच नव्हते. पहिल्यापासून तसे होते की माझ्या अर्धवट गोळ्यांनी झाले हे आता कुणीच सांगू शकत नाही, पण त्या दिवशी मी डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की बाहेर बसलेले पेशंट वैतागले असतील. त्यानंतर घरात सासूबाईंचं, मुलीचं असं करत करत जे शिकले ते इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही. कुठली गोळी घ्यायची हे मी सांगणार नाही, डॉक्टरांनी दिलेली गोळी नीट कशी घ्यायची एवढंच सांगणारे.

डॉक्टरकडे जाताना सोबत काय न्यायचं

- जुनी फाइल, निदान मागच्या वर्षभरातली प्रिस्क्रिप्शनं. मागच्या तीन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलं असेल तर त्याचं नाव नक्की
- रोजच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा, बीपी, शुगर, थायरॉइड, कॅल्शियम, आयर्न, सगळ्या. आयुर्वेदिक काढे-चूर्णं पण. नावं लक्षात राहत नाहीत, सरळ पिशवीत घालून न्या
- कधी कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठलं, सूज आली, श्वास लागला असेल तर त्या औषधाचं नाव
- किडनीचा त्रास असेल तर शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट, बऱ्याच गोळ्यांचा डोस त्यावरून कमी करावा लागतो
- लहान मूल असेल तर आजचं वजन. मागच्या वाढदिवसाचं नाही
- दिवस राहिलेत किंवा राहिले असण्याची शक्यता असेल, बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टर विचारायची वाट न बघता आपणहून सांगायचं, लाजायचं नाही

सरकारीत जायचं असेल तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आहे, नाशिकरोडकडच्यांना बिटको हॉस्पिटल आहे. ओपीडीला सकाळी लवकर जा आणि केसपेपर जपून ठेवा, पुढच्या वेळी तोच लागतो.

१. हे बॅक्टेरियाचं आहे का, हे आधी डॉक्टरांना ठरवू द्या

अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, व्हायरसवर नाही. वाचायला सोपंय, पण जुलै ते ऑक्टोबर आपल्याकडे जे तापाचे पेशंट दवाखान्यात रांगा लावतात ना, त्यात डेंगू, चिकुनगुनिया आणि साधा व्हायरल हेच जास्त. यातल्या एकावरही अँटिबायोटिकचा उपयोग नाही. सर्दी, नाक गळणं, बहुतेक वेळचा घसादुखीचा त्रास, हेही व्हायरसचंच. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन ‘वाढलं’ असं आमच्या घरात ठाम मत होतं, पण नुसत्या रंगावरून बॅक्टेरिया आहे असं ठरत नाही. व्हायरल उतरल्यावर खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, त्यालाही ‘स्ट्राँग काहीतरी द्या’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. जुलाबाचंही तसंच, बहुतेक साध्या जुलाबाला ओआरएस आणि वेळ एवढंच पुरतं. रक्त पडतंय, सणकून ताप आहे, तर गोष्ट वेगळी, लगेच दाखवा.

उलट बाजू पण आहे. लघवीचं इन्फेक्शन, टायफॉइड, काही न्यूमोनिया, पसरत चाललेलं गळू, इथे अँटिबायोटिक लागतं म्हणजे लागतं, तिथे ‘मी केमिकल घेत नाही’ म्हणून हळद-दूध पीत बसू नका.

टायफॉइडवरून आठवलं. एक विडाल टेस्ट पॉझिटिव्ह आली की टायफॉइड झाला असं आपल्याकडे सर्रास धरतात, पण ती टेस्ट तेवढी भरवशाची नाही, आधी कधी होऊन गेलेल्या इन्फेक्शनमुळे किंवा दुसऱ्याच आजारात पण पॉझिटिव्ह येऊ शकते. खात्रीचं म्हणजे ब्लड कल्चर, आणि ते गोळ्या सुरू व्हायच्या आधी काढलेलं बरं. डॉक्टरांना सरळ विचारा, कल्चर करायचं का?

एक वाक्य मी पाठ केलंय, तुम्हीही करा: ‘डॉक्टर, याला अँटिबायोटिक लागेलच का, की दोन दिवस थांबून बघू?’ चांगले डॉक्टर याला चिडत नाहीत. खरं तर आपणच ‘काहीतरी द्या की’ म्हणून बसून राहतो आणि मग तेही लिहून देतात.

२. कल्चर सांगितलं असेल तर ते पहिल्या गोळीच्या आधी

इथे माझी एकदा फजिती झालेली. संध्याकाळी गोळी सुरू केली आणि सकाळी सॅम्पल दिलं, रिपोर्ट ‘नो ग्रोथ’. जंतू नव्हते म्हणून नाही, एका गोळीने ते दबले म्हणून. पैसे गेले आणि कळलं काहीच नाही.

लघवीच्या कल्चरला लॅबकडूनच निर्जंतुक डबी घ्यायची, घरातली कफ सिरपची बाटली धुऊन नाही चालत. जागा पाण्याने स्वच्छ धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत घ्यायची, झाकणाला आतून बोट लावायचं नाही. शक्यतो तासाभरात लॅबला पोचवा. द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकायची शक्यता असेल तर सरळ लॅबमध्ये जाऊनच सॅम्पल द्या.

रिपोर्टला दोन ते तीन दिवस लागतात कारण जंतू खरोखर वाढवून बघतात. त्यात औषधांची लांबलचक यादी आणि पुढे एस, आय, आर. एस म्हणजे चालतं, आर म्हणजे चालत नाही, आय मधलं. यादीत वरचं एस बघून मेडिकलमध्ये जाऊन तेच मागायचं असा शहाणपणा करू नका हं, काही औषधं नुसती इंजेक्शनमधून येतात, काही लघवीत पोचतात पण किडनीच्या इन्फेक्शनला पुरत नाहीत, काही गरोदरपणात चालत नाहीत. निवड डॉक्टरांची.

३. केबिनमधून उठायच्या आधी हे विचारून घ्या

कागद हातात आला की आपण थँक्यू म्हणून उठतो. नाही, बसून राहायचं.

- यातली अँटिबायोटिक कुठली? (चार गोळ्यांत एक ॲसिडिटीची, एक तापाची, एक व्हिटॅमिनची असते. बाकीच्या त्रास थांबला की बंद करता येतात, कुठल्या ते विचारा)
- किती वाजता, आणि बरोबर किती दिवस?
- जेवणाआधी की नंतर?
- माझ्या रोजच्या गोळ्यांबरोबर चालेल ना?
- किती दिवसांत फरक पडायला हवा आणि नाही पडला तर कधी यायचं?
- काय झालं तर गोळी बंद करून लगेच फोन करायचा?

उत्तरं तिथेच कागदावर मराठीत लिहून घ्या. डॉक्टरांचं अक्षर मेडिकलवाल्याला लागतं, आपल्याला लागत नाही, म्हणून आपलं आपण लिहायचं. कागदावर ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. अँटिबायोटिक कधीच ‘त्रास झाला तर’ वाली गोळी नसते, तसं वाटलं तर परत विचारा.

४. मेडिकलमध्ये

अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवर एका बाजूने उभी लाल रेघ असते. ती डिझाइन नाही, त्याचा अर्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. त्यातल्या काही जास्त महत्त्वाच्या औषधांसाठी, उदाहरणार्थ सेफिक्सिमसारख्या, शेड्यूल एच-१ म्हणून वेगळा नियम २०१४ पासून लागू आहे, मेडिकलवाल्याला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे लिहून ठेवावं लागतं. तर दुकानदार चिठ्ठी मागत असेल तर भांडू नका, तो नियम पाळतोय.

बघायच्या गोष्टी:

नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही जुळतात का. ब्रँड वेगळा चालतो, आतलं औषध तेच आणि तेवढंच पाहिजे. नुसतं अमोक्सिसिलिन आणि अमोक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ‘६२५’ म्हणतात ती दुसरी, त्यात ५०० अमोक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्हुलॅनिक. बदलून देत असतील तर दुकानातूनच डॉक्टरांना फोन करा.

पूर्ण कोर्सच्या गोळ्या एकदम घ्या. ‘आत्ता दोन दिवसांच्या द्या, बघू’ यातूनच अर्धवट कोर्स होतात. पैशाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात विचारा, तीच औषधं बरीच स्वस्त मिळतात. आमच्याकडे बरेच जण गोळे कॉलनीत जातात, होलसेल मार्केट आहे, पण चार-सहा गोळ्यांसाठी तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात तुमचा डोसच चुकेल.

आणि स्ट्रिप कापून देत असतील तर नाव, बॅच आणि एक्सपायरी असलेला भाग आपल्याकडे येईल असं बघा, नाहीतर कापायच्या आधी मोबाइलमध्ये फोटो काढा. बिल घ्या. ॲलर्जी झाली तर नेमकं काय घेतलं होतं ते बिलावरूनच सापडतं, ‘पिवळी लांबट गोळी’ यावरून नाही.

५. घरी आल्यावर आधी टाइमटेबल

दिवसातून तीनदा म्हणजे बहुतेक घरांत काय होतं? सकाळी नऊला नाश्त्यानंतर, दुपारी एकला जेवल्यावर, संध्याकाळी सातला. म्हणजे मधे चार तास, मग सहा तास आणि मग रात्रभर चौदा तास काहीच नाही. अमोक्सिसिलिनच्या घराण्यातली औषधं काही तासांतच लघवीवाटे निघून जातात, रक्तात त्यांची पातळी टिकून राहिली तरच ती काम करतात, म्हणून साधारण आठ-आठ तासांचं अंतर. मी सकाळी ७, दुपारी ३, रात्री ११ असे अलार्म लावते. दोनदा असेल तर सकाळी ८, रात्री ८. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाला तर आभाळ कोसळत नाही.

सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना आपली शिफ्ट सांगावी. माझ्या दिराची नाइट असते, त्याला ‘सकाळ-संध्याकाळ’ म्हणून काही कळत नाही, त्याला घड्याळाचे आकडेच लिहून दिले.

उलट अझिथ्रोमायसिनसारखं औषध शरीरात कितीतरी दिवस रेंगाळतं. म्हणून बऱ्याच वेळा त्याच्या दिवसाला एक अशा तीनच गोळ्या देतात, आणि आपल्याला वाटतं एवढ्याच? मग लोक मनाने अजून दोन आणून घेतात. नका.

स्ट्रिपच्या मागे पेनाने तारीख आणि वार लिहायची माझी पद्धत आहे. गोळी काढली की ती तारीख फाटते, मग ‘सकाळची घेतली का गं मी?’ हा प्रश्नच येत नाही.

६. कशाबरोबर घ्यायची, खरी गडबड इथेच होते

सासूबाईंना मागच्या वर्षी सिप्रो दिलेलं. पाच दिवस झाले तरी फरक नाही, आम्ही डॉक्टर बदलायच्या तयारीत. मग त्या डॉक्टरांनीच विचारलं, आजी गोळी कशाबरोबर घेता? तर दुधाबरोबर! ‘गोळी गरम पडते’ म्हणून कपभर दूध, आणि त्याच्या पाठोपाठ हाडांसाठीची शेल्कल, म्हणजे कॅल्शियमची गोळी. दुधातलं आणि शेल्कलमधलं कॅल्शियम सिप्रोला पोटातच पकडून ठेवतं, रक्तात जाऊच देत नाही. पाच दिवस आम्ही गोळ्या अक्षरशः पाण्यात घातल्या. म्हणजे दुधात.

तर सिप्रोच्या घराण्यातली औषधं (नॉरफ्लॉक्स पण त्यातलंच) आणि डॉक्सिसायक्लिन घेताना दूध, दही, कॅल्शियम, आयर्न, झिंक आणि ॲसिडिटीची पातळ पांढरी-गुलाबी औषधं यांच्यापासून लांब. सिप्रोच्या बाबतीत हिशोब असा, की सिप्रो आधी घेतली तर दोन तासांनी बाकीचं, आणि कॅल्शियम-आयर्न आधी घेतलं असेल तर सहा तासांनी सिप्रो. कोर्स चार-पाच दिवसांचा असेल तर डॉक्टरांना विचारून कॅल्शियम तेवढे दिवस बंदच ठेवायचं, सोपं पडतं. ‘पोटासाठी दही खा’ हा सल्ला चांगलाच आहे, पण गोळीच्या वेळेपासून लांब खा.

डॉक्सिसायक्लिनचं अजून एक. फुलपात्रभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होते, आणि ती इतकी दुखते म्हणे की पाणी गिळवत नाही. झोपताना अंथरुणावर घोटभर पाण्याने गिळायची सवय असेल तर ती इथे नडते. डॉक्सी आणि सिप्रो दोन्हींनी ऊन जास्त बाधतं, त्वचा भाजल्यासारखी होते, म्हणून एप्रिलमधे टू-व्हीलरवर फिरणाऱ्यांनी पूर्ण बाह्या आणि स्कार्फ.

६२५ वाली गोळी जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या दोन घासांबरोबर घेतली तर पोट कमी बिघडतं. मला दिलेल्या नायट्रोफ्युरँटोइनच्या कॅप्सूल पण जेवणाबरोबरच होत्या, त्याने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते हे कुणी सांगितलं नव्हतं आणि पहिल्या दिवशी मी घाबरून नवऱ्याला ऑफिसातून बोलावून घेतलं. काही नसतं ते, औषधाचाच रंग.

मेट्रोनिडाझोल असेल तर तोंडाला धातूसारखी चव येते, आणि दारू पूर्ण बंद, कोर्स संपल्यावरही तीन दिवस. नाशिकमध्ये राहून हे वेगळं सांगावं लागतं, शनिवार-रविवार पाहुणे आले की वाइनरीचा प्लॅन ठरलेलाच असतो, आणि ‘वाइन म्हणजे दारू थोडीच’ हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. वाइन म्हणजे दारूच. उलट्या, छातीत धडधड, चेहरा लाल असलं काहीतरी होऊ शकतं.

रोजच्या गोळ्यांपैकी हे नक्की सांगा: रक्त पातळ करायचं वॉरफेरिन (बऱ्याच अँटिबायोटिकनी त्याचा परिणाम वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो), शुगरच्या गोळ्या (सिप्रोच्या घराण्याने शुगर एकदम खाली-वर होते), दम्याची थिओफिलिनवाली गोळी, हृदयाच्या ठोक्यांच्या गोळ्या. आणि पाठदुखीची गोळी! त्यात बऱ्याचदा टिझॅनिडिन मिसळलेलं असतं, ते आणि सिप्रो एकत्र अजिबात घ्यायचं नाही, बीपी धाडकन पडतं. आपण पाठदुखीच्या गोळीला औषध धरतच नाही, म्हणून ती सांगायची राहते.

उपवासाचं पण बोलू. नवरात्रात आमच्याकडे नऊ दिवस. डॉक्टरांना उपवास आहे म्हणून आधीच सांगा, काही गोळ्या रिकाम्या पोटी चालतात, काहींनी मळमळून जीव नको होतो. रोजे असतील तर दिवसातून एकदा-दोनदाची गोळी देता येते का ते विचारता येतं. पण लपवून उपाशीपोटी घेऊ नका, आणि उपवास आहे म्हणून डोस गाळू नका. देवी समजून घेते, जंतू नाही.

७. गोळी चुकली तर

आठवलं की लगेच घ्या. पुढच्या डोसची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या आणि पुढची वेळेवर. दोन एकदम घेऊन भरपाई करायची नाही. गोळी घेतल्या घेतल्या उलटी झाली तर डॉक्टरांना फोन करून विचारा, परत-परत उलटी होत असेल तर पोटातून औषध जातच नाहीये, तेव्हा इंजेक्शन लागू शकतं.

८. लहान मुलांचं सिरप

पावडरची बाटली येते ती. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं, बाटलीवरच्या बाणापर्यंत. आधी थोडं घालून हलवायचं, फेस बसला की परत बाणापर्यंत भरायचं. मी पहिल्यांदा फेसालाच पाणी समजले आणि औषध घट्ट झालं. प्रत्येक वेळी हलवून द्यायचं नाहीतर औषध तळाशी राहतं, पहिले दिवस पाणी आणि शेवटचे दिवस डबल डोस.

मापाच्या टोपणाने किंवा सिरिंजने द्या, घरातला चमचा प्रत्येक घरात वेगळा असतो. फ्रीजमध्ये ठेवायचं की बाहेर ते लेबलवर वाचा, अमोक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकचं फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही, आणि सात दिवसांनी उरलेलं फेकायचं. दुधाच्या बाटलीत मिसळू नका, मूल अर्धी बाटली टाकतं आणि किती पोटात गेलं कळत नाही. आणि मोठ्या भावाचं उरलेलं धाकटीला नाही, डोस वजनावर असतो.

९. काय चालवून घ्यायचं आणि कधी पळायचं

थोडं पातळ होणं, मळमळ, तोंडाची चव जाणं, हे होतं. पाणी, ताक-भात (वरचं अंतर सांभाळून), ओआरएस. बायकांना खाज आणि पांढरं जाणं सुरू होऊ शकतं, तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात, ती बुरशी असते, डॉक्टरांना सांगा, वेगळं औषध मिळतं.

डॉक्टरांना त्याच दिवशी फोन: अंगावर पुरळ, खूप पाण्यासारखे जुलाब किंवा त्यात रक्त आणि पोटात कळा (कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकतं, आणि तेव्हा मनाने जुलाब थांबवायची गोळी घ्यायची नाही), डोळे पिवळे होणं, सिप्रोच्या घराण्यातली गोळी चालू असताना टाचेच्या वरची शीर दुखणं. शेवटचं झालं तर पुढची गोळी न घेता फोन करा.

वाट न बघता १०८: ओठ-जीभ-चेहरा सुजणं, श्वास लागणं, घसा आवळल्यासारखा वाटणं, अंगभर गांधी उठून चक्कर येणं. त्वचेला फोड येऊन साल निघत असेल, तोंडात-डोळ्यांत पण त्रास असेल तरी सरळ मोठ्या हॉस्पिटलला.

एकदा ॲलर्जी झाली की त्या औषधाचं नाव घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे, आणि मोबाइलच्या इमर्जन्सी माहितीत पण टाका. पण नुसती मळमळ झाली त्याला ‘ॲलर्जी’ म्हणून नोंदवू नका, मग पुढे गरज असताना चांगलं औषध उगाच टाळलं जातं.

१०. बरं वाटायला लागलं, आता?

मी दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद केलेल्या ती हीच वेळ. बरं वाटणं आणि जंतू संपणं एकाच दिवशी होत नाही. जितके दिवस लिहिलेत तितके दिवस घ्या, मनाने कमी नाही आणि मनाने जास्तही नाही. हे दुसरं पण तेवढंच महत्त्वाचं, कारण पोटात आपले स्वतःचे करोडो जंतू राहतात आणि जितके जास्त दिवस औषध तितका त्यांनाही ते पचवायला शिकायचा वेळ. हल्ली बऱ्याच इन्फेक्शनला पूर्वीपेक्षा कमी दिवसांचा कोर्स पुरतो असं दिसून आलंय, त्यामुळे डॉक्टरांनी पाचच दिवस दिले तर ‘मागच्या वेळी दहा दिलेले’ म्हणून वाद घालू नका. माझा नायट्रोफ्युरँटोइनचा कोर्स पाचच दिवसांचा होता. लवकर बंद करावंसं वाटलं तर फोन करून विचारा.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ सालीच, नोबेल घेताना, सांगून ठेवलेलं की लोक मनाने कमी डोस घेतील आणि जंतू निर्ढावतील. ऐंशी वर्षं झाली की.

दोन-तीन दिवसांत काहीच उतार नसेल किंवा त्रास वाढत असेल तर परत जा, गोळी बदलायची असेल, निदान बदलायचं असेल. अपवाद टायफॉइडचा, योग्य औषध चालू असूनही ताप उतरायला चार-पाच दिवस लागू शकतात, तेवढ्यात तीन दवाखाने फिरू नका.

(एक विषय सोडून. माझं माहेर सटाण्याकडचं. तिकडे डाळिंबावर तेल्या रोग आला की स्ट्रेप्टोसायक्लिन फवारायचे, लहानपणी मी बाबांना पंपात पुडी टाकताना बघितलंय. ते पण अँटिबायोटिकच, हे मला पस्तिशीत कळलं.)

११. उरलेल्या गोळ्या

कोर्स पूर्ण केला तर उरतच नाहीत. डॉक्टरांनी मधेच औषध बदललं म्हणून उरल्या तर न उघडलेल्या स्ट्रिपा बिलासकट मेडिकलमध्ये नेऊन बघा, काही जण परत घेतात. नाहीतर बेसिनमध्ये, संडासात किंवा गंगेत (म्हणजे आमच्या गोदावरीत) काहीही टाकायचं नाही. वेगळ्या पिशवीत घालून, वर ‘जुनी औषधं’ लिहून घंटागाडीवाल्या दादांच्या हातात वेगळी द्या, ओल्या-सुक्यात मिसळू नका. शेजारी, मोलकरीण, गावाकडचे नातेवाईक, कुणालाही ‘मला याने बरं वाटलेलं’ म्हणून द्यायच्या नाहीत.

आमचा डबा अजून फ्रीजवरच आहे. आत थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, क्रोसिनची स्ट्रिप आणि सगळ्यांची प्रिस्क्रिप्शनं घडी करून. परवा शेजारच्या काकू आल्या, म्हणाल्या अंग मोडून आलंय, तुमच्या डब्यात ती लाल रेघवाली एखादी असेल बघ. त्यांना थर्मामीटर दिला. नव्व्याण्णव निघाला. चहा पिऊन घरी गेल्या.